सोप्यातली बैठक

मी आठवीत असताना इस्लामपूरजवळच्या आमच्या घरी सोप्यात एक बैठक बसली होती. माझी चुलत आत्या सासरी नांदायला परत जाणार नाही म्हणून माहेरी आली होती. दोन्हीकडचे पाहुणे जाजमावर, मधे पानाचा डबा. कोर्टाची पायरी चढायची नाही, यावर सगळ्यांचं एकमत. चहाच्या दोन फेऱ्यांत सोडचिठ्ठीचा मजकूर ठरला. लग्नात दिलेल्या वस्तूंची यादी माझं अक्षर बरं म्हणून मला लिहायला सांगितली. आत्या आतल्या दाराआड उभी होती.

स्टँपवर लिहिलेल्या अशा सोडचिठ्ठीनं हिंदू विवाह मोडत नाही. त्या समाजात तशी रूढी आहे हे सिद्ध झालं, तरच तो कागद टिकतो. हे आम्हाला फार उशिरा कळलं. नवऱ्यानं वर्षात दुसरं लग्न केलं. आत्या कायद्यानं त्याचीच बायको राहिली आणि पोटगी मात्र एका रुपयाचीही नाही. आमच्या वाळवा तालुक्यात अशा कितीतरी जणी होत्या. कासेगावच्या इंदुताई पाटणकरांनी स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीत या परित्यक्तांना एकत्र आणलं, ते उगाच नव्हे. पुढे 2007 मध्ये सांगली जिल्ह्याच्याच आर. आर. पाटलांनी तंटामुक्त गाव मोहीम आणली. गावातला तंटा गावातच मिटावा हा विचार मला आजही पटतो. प्रश्न असतो तो बैठकीत कोण बसलंय याचा.

हे आज लिहितोय, कारण इथं परदेशात आपल्या मराठी मंडळातही असे फोन येतात. बायकोला सुट्टीसाठी भारतात माहेरी पाठवायचं आणि मागे इथल्या कोर्टात घटस्फोटाचा अर्ज टाकायचा. असं करणाऱ्यांनी आणि सोसणाऱ्यांनीही एक लक्षात ठेवावं. भारतात हिंदू पद्धतीनं झालेल्या लग्नाबाबत सर्वोच्च न्यायालयानं 1991 मध्येच सांगितलंय की, बायकोच्या पाठीमागे परदेशात मिळवलेला एकतर्फी हुकूम भारतात सहसा मान्य होत नाही.

मग न भांडता सुटायचं कसं? पोटगी, स्त्रीधन, मुलांचा ताबा हे सगळं आधी आपसांत ठरवावं, लिहून काढावं आणि कोर्टात जावं ते फक्त शिक्कामोर्तबासाठी. वर्षभर वेगळं राहिलेल्या जोडप्याला परस्परसंमतीनं अर्ज करता येतो. लग्न इस्लामपुरात झालं असेल, तर तो त्या भागातल्या कोर्टातही चालतो. अर्जानंतर सहा महिने थांबण्याची अट योग्य प्रकरणात शिथिल करता येते, असं सर्वोच्च न्यायालयानं 2017 मध्ये सांगितलं. परदेशातून येणं खरोखरच शक्य नसेल, तर व्हिडिओवरून हजर राहण्याची किंवा आईवडील, भावंडांनी बाजू मांडण्याची परवानगी देता येते, हेही त्याच निकालात आहे. दावा दाखल करण्याआधी तालुका विधी सेवा समितीकडे जाता येतं, आणि बाईला तिथं उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. माझ्या आत्याला हे कुणी सांगितलं असतं तर!

दोन गोष्टींवर मात्र मी अडून बसेन. दोघांचे पगार, बँकेची खाती, कर्जं सगळं समोर आल्याशिवाय आकडा ठरवू नये. आणि जिथं मारहाण आहे तिथं समजूत घालायला कुणी जाऊ नये. तिथं आधी तिला सुरक्षित जागा आणि 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याचं संरक्षण मिळायला हवं, बाकीचं नंतर.

मंडळाकडे कुणी मध्यस्थीसाठी आलं, तर पहिली खुर्ची तिची असेल, असं कार्यकारिणीनं ठरवलंय. मामा, काका, मोठे दीर यांचं ऐकू, पण तिच्यानंतर.

त्या दिवशी यादी वाचून दाखवली. कपाट, पातेली, घागर, गंठण. मी वही मिटणार, इतक्यात दाराआडून आवाज आला, "शिलाई मशीन राहिलं." त्या अख्ख्या बैठकीत आत्या बोलली ते एवढंच.