जर्सीवरचा नंबर आणि हातातली बॅट

बेसबॉलमध्ये क्षेत्ररक्षणाला नऊ जण लागतात. अमेरिकेतल्या हायस्कूलच्या नियमांनुसार तर नऊ खेळाडू उभे केल्याशिवाय सामना सुरूच करता येत नाही. तरीही कधीतरी एखाद्या शाळेचा संघ आठच जण घेऊन मैदानात उतरतो. शॉर्टस्टॉपची किंवा थर्ड बेसची जागा मोकळी असते. पिचर चेंडू टाकतो, समोरच्या शाळेचा बॅटर बॅट खांद्यावरून न हलवता तो जाऊ देतो आणि अंपायर नियमाकडे काणाडोळा करतो. मग डगआउटमधून बदली खेळाडू धावत येतो आणि खेळ सुरू होतो. मरण पावलेल्या सोबत्याला निरोप देण्याची ही तिथली एक रीत. कुणी त्याची जर्सी डगआउटमध्ये टांगतं, कुणी टोपीवर त्याचा नंबर लिहितं, कुठे त्याच्या आईला पहिला चेंडू टाकायला बोलावतात.

हा सगळा दिखावा आहे, असं म्हणत नाक मुरडणारे असतातच. त्यांच्याकडे दुर्लक्ष करावं. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला दुःख बोलून दाखवता येत नाही. त्याला हाताला काहीतरी काम लागतं. टेक्सासमधल्या सँटा फे हायस्कूलमध्ये १८ मे २०१८ रोजी झालेल्या गोळीबारात दहा जण गेले. दुसऱ्याच दिवशी शाळेच्या बेसबॉल संघाचा बाद फेरीचा सामना होता. तो पुढे ढकलला असता तर कुणीही बोल लावला नसता. मुलांनी खेळायचं ठरवलं. आदल्या दिवशी ज्याच्या डोक्याच्या मागच्या बाजूला गोळी लागली होती, तो खेळाडूही गणवेश घालून संघासोबत हजर होता. घरी बसून टीव्हीवर आपल्याच शाळेची दृश्यं पुन्हा पुन्हा पाहण्यापेक्षा हे नक्कीच बरं होतं.

मोठ्यांच्या बेसबॉलमध्ये हीच रीत लाखो डोळ्यांसमोर पार पडते. लॉस एंजेलिस एंजल्सचा पिचर टायलर स्कॅग्ज १ जुलै २०१९ रोजी टेक्सासमधल्या हॉटेलच्या खोलीत मृतावस्थेत सापडला. वय अवघं २७. त्यानंतर घरच्या मैदानावर पहिला सामना झाला तो १२ जुलैला, सिॲटल मरिनर्सविरुद्ध. त्या रात्री एंजल्सच्या प्रत्येक खेळाडूच्या पाठीवर स्कॅग्ज हे एकच नाव आणि ४५ हा एकच नंबर होता. पहिला चेंडू त्याच्या आईने टाकला. ती सँटा मोनिका हायस्कूलच्या मुलींच्या सॉफ्टबॉल संघाची अनेक वर्षं प्रशिक्षक होती आणि तिचा चेंडू सरळ कॅचरच्या हातमोज्यात गेला. पुढे टेलर कोल आणि फेलिक्स पेन्या या दोघा पिचरनी मिळून मरिनर्सना एकही हिट मिळू दिला नाही. एंजल्स १३-० असे जिंकले. सामना संपल्यावर खेळाडूंनी आपापल्या जर्सी काढून पिचरच्या उंचवट्यावर पसरल्या. पटकथेत लिहिलं असतं तर कुणी खोटं म्हणून खोडलं असतं.

पण गोष्ट तिथे संपली नाही. स्कॅग्जच्या शरीरात दारू, ऑक्सिकोडोन आणि फेंटानिल सापडलं. त्या गोळ्या पुरवल्याबद्दल ज्याला २०२२ मध्ये २२ वर्षांची शिक्षा झाली, तो एरिक के याच एंजल्स संघाच्या प्रसिद्धी विभागातला कर्मचारी होता. ज्या संघाने पाठीवर ४५ मिरवला, त्याच्याच कचेरीतून विषाची वाट गेली होती. त्या रात्रीचे अश्रू खोटे होते असा याचा अर्थ नाही. जर्सीवरचा नंबर फक्त प्रश्न विचारत नाही, एवढंच.

त्याने विचारूही नये. अमेरिकेत विद्यार्थ्याच्या आत्महत्येनंतर शाळांनी काय करावं, याची एक मार्गदर्शक पुस्तिका २०११ पासून उपलब्ध आहे. आत्महत्या रोखण्यासाठी काम करणाऱ्या दोन संस्थांनी मिळून ती काढली. तिचा सल्ला असा, की मृत्यू कर्करोगाने होवो, मोटार अपघातात होवो की आत्महत्येने, शाळेने सगळ्यांना एकसारखाच निरोप द्यावा. एकाला फुलं आणि दुसऱ्याबद्दल कुजबुज, असं झालं की त्या घरावर कलंक बसतो. उलट आत्महत्येनंतर भव्य कार्यक्रम आणि कायमचं स्मारक उभं राहिलं, तर आधीच खचलेल्या दुसऱ्या एखाद्या मुलाच्या मनात नको तो विचार येऊ शकतो. एकच चेंडू आठ जणांनी खेळण्याची रीत म्हणूनच चांगली. ती मिनिटभरात संपते आणि मृत्यूचं कारण विचारत नाही.

मैदानाबाहेर मात्र ते विचारायलाच हवं आणि तिथे शाळा, लीग, बॅट बनवणाऱ्या कंपन्या सगळ्यांनाच घाई नसते. माँटाना राज्यातल्या मायल्स सिटीच्या युवा संघाचा अठरा वर्षांचा पिचर २००३ मध्ये सामन्यात झालेल्या दुखापतीने गेला. ॲल्युमिनियमच्या बॅटवरून सुटलेला चेंडू त्याच्या डोक्यावर आदळला. पिचर चेंडू टाकून सावरेपर्यंत बॅटरपासून जेमतेम पन्नास-पंचावन्न फुटांवर असतो. अशा बॅटवरून वेगाने परतणाऱ्या चेंडूपुढे त्याला हात वर करायलाही वेळ मिळत नाही. आईवडील न्यायालयात गेले. बॅटची रचना सदोष नव्हती, पण तिच्या धोक्याची सूचना कंपनीने दिली नाही, असं म्हणत ज्युरीने २००९ मध्ये साडेआठ लाख डॉलरची भरपाई दिली. लुईव्हिल स्लगर हा नामांकित ब्रँड तेव्हा याच कंपनीचा होता. माँटानाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये तो निकाल उचलून धरला.

दरम्यान न्यूयॉर्क शहराने महापौरांचा नकाराधिकार मोडून २००७ मध्ये हायस्कूल सामन्यांत धातूच्या बॅटवर बंदी घातली होती. १ जानेवारी २०१२ पासून देशभरातल्या हायस्कूलना नवं मानक लागू झालं: बॅट धातूची असली तरी तिच्यावरून सुटणाऱ्या चेंडूचा वेग लाकडी बॅटच्या आसपासच हवा. हे सगळं एका मायल्स सिटीमुळे झालं म्हणणं अतिशयोक्तीचं ठरेल. कॉलेजच्या बेसबॉलमध्ये हा वाद आधीपासून चालू होता.

क्रिकेटची चालही याहून वेगवान नाही. ऑस्ट्रेलियाचा फलंदाज फिलिप ह्यूज चेंडू लागून नोव्हेंबर २०१४ मध्ये गेला. पुढच्याच महिन्यात भारताविरुद्धच्या ॲडलेड कसोटीत ऑस्ट्रेलियन खेळाडूंच्या शर्टवर त्याचा कसोटी क्रमांक ४०८ होता आणि प्रेक्षकांनी ६३ सेकंद टाळ्या वाजवल्या, कारण चेंडू लागला तेव्हा तो नाबाद ६३ वर खेळत होता. ते दोन आठवड्यांत जमलं. वेगवान गोलंदाजी खेळताना हेल्मेटला मानेचं संरक्षक कवच लावण्याची सक्ती क्रिकेट ऑस्ट्रेलियाने केली ती ऑक्टोबर २०२३ पासून.

शाळेतल्या बेसबॉलला आणखी एक धोका आहे, आणि तो बॅट बदलून जात नाही. छातीवर नेमक्या क्षणी चेंडू लागला तर धडधाकट मुलाच्या हृदयाची लय बिघडून ते बंद पडू शकतं. डॉक्टर याला कमोशिओ कॉर्डिस म्हणतात. तो क्षण सेकंदाच्या काही शतांशांचा असतो. बळी बहुतेक किशोरवयीन मुलगे असतात, कारण त्यांच्या छातीचा पिंजरा अजून लवचीक असतो. २०२० पासून हायस्कूलच्या कॅचरला यासाठी खास प्रमाणित छातीकवच सक्तीचं आहे. बॅटर आणि बाकीच्या क्षेत्ररक्षकांना नाही. त्यांचा भरवसा हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या यंत्रावर, आणि ते पहिल्या तीन मिनिटांत हाताशी आलं तरच त्याचा खरा उपयोग. न्यूयॉर्क राज्यात लॅक्रॉस खेळताना गेलेल्या चौदा वर्षांच्या गोलकीपरच्या नावाने २००२ मध्ये कायदा झाला. तिथल्या सरकारी शाळांना आपल्या सामन्यांच्या जागी हे यंत्र आणि ते वापरता येणारा माणूस ठेवावा लागतो.

असं यंत्र साधारण दीड-दोन हजार डॉलरला मिळतं. गेलेल्या मुलाच्या नंबरचे टी-शर्ट विकून शाळा जो निधी जमवतात, त्याची पहिली पावती या यंत्राची असावी. शिष्यवृत्तीचा विचार नंतर करता येईल. आणि ते मुख्याध्यापकांच्या कुलूपबंद खोलीत नको, डगआउटच्या भिंतीवर हवं.