खारपाण आणि प्रकल्पवही

एका उत्तरपत्रिकेपासून सुरुवात करणे भाग आहे. प्रश्न होता: जमिनीची क्षारता कशामुळे वाढते? उत्तर निर्दोष होते. पिकांना प्रमाणाबाहेर पाणी दिल्याने आणि कालव्यांच्या झिरप्याने क्षार वर येतात. उदाहरणार्थ, पंजाब व हरियाणा. पूर्ण गुण. उत्तर लिहिणारी विद्यार्थिनी जळगाव जामोदच्या दक्षिणेकडील, पूर्णेच्या अंगच्या एका गावची. तिच्या गावाला कालवा नाही. विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही आणि वावराला दिले तर जमीन चोपण होते, म्हणून शहाणा शेतकरी ते देतही नाही. येथला खारेपणा सिंचनाने आणलेला नाही. पूर्णेच्या खोऱ्यातील खोल गाळात तो आधीपासूनच आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या या भूभागाला सारा वऱ्हाड खारपाणपट्टा म्हणतो. तो शब्द त्या उत्तरात कोठेच नव्हता, आणि पूर्ण गुण देणारे आम्हीच होतो.

आम्ही म्हणजे येथील एका लहान महाविद्यालयाचा मराठी विभाग. मराठीच्या विभागाकडे पर्यावरण कसे, असे सुज्ञ वाचक विचारतील. लहान महाविद्यालयात ज्याचा कार्यभार भरत नाही त्याच्या गळ्यात हा विषय पडतो, इतके सांगितले म्हणजे पुरे. सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता खटल्यात २२ नोव्हेंबर १९९१ रोजी पर्यावरणशिक्षण सक्तीचे करण्याचा आदेश दिला. तो अमलात येत नाही असे पाहून २००३ मध्ये पुन्हा बजावले. तेव्हा कोठे विद्यापीठ अनुदान आयोगाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम पदवीवर्गांत आला. पन्नास तासिका, आठ घटक. शंभरांपैकी पंचवीस गुण क्षेत्रकार्याला. आता नव्या शैक्षणिक धोरणामागून आयोगाने २०२३ मध्ये चार श्रेयांकांचा नवा आराखडा दिला आहे. आराखडे बदलतात, प्रकल्पवही बदलत नाही. ती आदल्या वर्षीच्या वहीवरून उतरवली जाते आणि तिच्यात गंगेचे प्रदूषण असते.

येथे अभ्यासक्रमाला शिव्या देऊन मोकळे होण्याची सोय आहे. आम्ही ती घेणार नाही. जुन्या अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या घटकात, अन्नसंसाधनांच्या कलमात, ‘क्षारता’ हा शब्द स्वच्छ छापलेला होता आणि त्यापुढेच ‘दाखल्यांचा अभ्यास’ असेही होते. आठवा घटक तर सरळ म्हणत होता की विद्यार्थ्यांना घेऊन परिसरातील नदी, वन, डोंगर पाहा आणि नोंदवा. दाखला निवडण्याची मोकळीक शिक्षकाला होती. ती आम्ही वापरली नाही. दिल्लीने आमच्यावर पंजाब लादला नाही. बाजारातल्या तयार नोट्‌समध्ये तो होता, आणि आम्ही फळ्यावर उतरवून दिला.

आणि पाहायचे ते किती जवळ! जळगाव जामोदच्या उत्तरेला सातपुडा उभा आहे. त्याच्या पायथ्याशी डोंगरातून वाहून आलेल्या धोंड्यागोट्यांचा पट्टा. भूजलाचे अभ्यासक त्याला बझाडा म्हणतात. येथे पावसाचे पाणी झपाट्याने मुरते, ते गोड असते, पण खोल असते. संत्रा आणि केळी या पाण्यावर उभी आहेत, आणि बोअर दरसाल अधिक खोल जात आहेत. तेथून दक्षिणेला सरका: माती काळी आणि भारी होते, उन्हाळ्यात भेगाळते, पावसात पाय उचलू देत नाही, आणि पाणी मचूळ होत होत खारे होते. कपाशी, तूर, हरभरा सारे आभाळाच्या भरवशावर. वन, जल, भूमी, अन्न ही पुस्तकातील चार प्रकरणे एका दिवसाच्या वाटेवर ओळीने मांडलेली आहेत. जुलै २०२३ मध्ये डोंगरातून उतरलेल्या पुराने जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांतील शेती खरडून नेली. त्या वर्षीही आमच्या वहीत मृदाधूपेची व्याख्या होती, आणि तिच्याखाली पुस्तकातली आकृती.

आता थोडे आमच्या व्यवसायबंधूंविषयी. नेमाड्यांनी देशीयतेची मांडणी केल्याला चार दशके होऊन गेली. तेव्हापासून चर्चासत्रांत देशीयतेवर किती निबंध वाचले गेले याची गणती नाही. उद्धव शेळक्यांची ‘धग’ आम्ही शिकवतो आणि प्रश्न विचारतो तो ‘वऱ्हाडी बोलीची वैशिष्ट्ये लिहा’. मारुती चितमपल्लींना आम्ही अरण्यऋषी म्हणून मखरात बसवले. १८ जून २०२५ रोजी ते गेले तेव्हा शोकसभाही घेतल्या. पण ज्या मेळघाटात त्यांनी नोकरी केली, त्याच व्याघ्रप्रकल्पात मोडणारे अंबाबरवा अभयारण्य शेजारच्या संग्रामपूर तालुक्यात आहे, हे ललितगद्याच्या तासाला किती जणांनी सांगितले? चितमपल्लींचे शब्द कोशातून आलेले नव्हते. रानातल्या माणसांमागे हिंडून त्यांनी ते गोळा केले. आम्ही त्यांतून ‘भाषाशैली’ तेवढी काढून घेतली. चोपण, बरड, मुरमाड, धुरा हे शब्द बोलीची वैशिष्ट्ये नव्हेत. ते जमिनीविषयीचे निवाडे आहेत, पिढ्यांनी नुकसान सोसून दिलेले. विद्यार्थी ते घरून घेऊन येतो आणि वर्गाच्या दाराशी काढून ठेवतो, कारण ते अशुद्ध आहेत असे त्याला सांगणारेही आम्हीच.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की अशाने मुले स्पर्धा परीक्षेत मागे पडतील. तो आम्हांला गंभीर वाटत नाही. आपल्या विहिरीची क्षारता समजलेल्या मुलीला पंजाबची समजावून देणे अवघड नाही, आणि दोहोंतील कारणांचा फरकही तिलाच आधी कळेल. दुसरा आक्षेप वजनदार आहे: शब्द म्हणजे शास्त्र नव्हे. हे खरे. ‘पाणी जड आहे’ एवढ्याने त्यात काय आणि किती विरघळले आहे ते कळत नाही. या तालुक्यांत मूत्रपिंडाच्या विकारांची तक्रार जुनी आहे आणि लोक तिचा दोष पाण्याला देतात. तो किती आणि कसा, हे बोलीच्या अभिमानाने ठरणार नाही. त्यासाठी पाणी तपासावेच लागेल, आणि रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांपुढे हात जोडावे लागतील. पण कोणत्या विहिरीचे पाणी तपासायचे, ती कधी गोड होती काय, कोणत्या सालानंतर गावाने ती सोडली, हे विचारायला भाषा लागते. ते काम आमचे आहे. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ पासून चाललेल्या कृषी संजीवनी प्रकल्पाला पूर्णाखोऱ्यातील खारपाणपट्ट्याची सुमारे नऊशे गावे स्वतंत्रपणे मोजावीशी वाटली. आमच्या विभागाला त्यांपैकी एकाही गावाची वही करावीशी वाटली नाही.

यंदा आम्ही प्रकल्पवहीला एक अट घातली. पहिल्या पानावर घरातील पिण्याचे पाणी कोठून येते ते लिहायचे, आणि आजीच्या काळी कोठून येत होते तेही, घरी विचारून, घरच्याच शब्दांत. वह्या येऊ लागल्या आहेत. कोणी वान धरणाचे नळाचे पाणी लिहिले आहे आणि ते किती दिवसांआड येते तेही. आजीच्या रकान्यात नाला आहे, झिरा आहे, कोसभर लांबची गोड विहीर आहे. आजच्या रकान्यात पुष्कळांनी विकतचा जार लिहिला आहे. एका मुलाने विचारले, सर, जार हे नैसर्गिक संसाधन धरायचे काय? त्याला अजून उत्तर दिलेले नाही.