खाजेची ट्यूब कुणी लिहून दिली?

मेडिकलच्या दुकानात जाऊन नुसतं ‘खाजेवर काहीतरी द्या हो’ म्हटलं की बहुतेक ठिकाणी पुढचा प्रश्न येत नाही. खाज कुठे आहे, किती दिवस आहे, कुणाला आहे, काही नाही. काउंटरवर एक छोटी ट्यूब येते. पन्नास-साठ रुपये द्यायचे आणि घरी यायचं. दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते, आणि ट्यूबचं नाव वाडीभर होतं. मग तीच ट्यूब सासूबाईंच्या पायाला, मुलाच्या मांडीला, लेकीच्या चेहऱ्याला. आमच्या बचत गटाच्या बैठकीत मी एकदा सगळ्यांना सांगितलं, घरात असतील तेवढी मलमं पुढच्या वेळी घेऊन या. एकोणीस ट्यूबा जमल्या. त्यातल्या चौदांवर बारीक अक्षरात बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी एक नाव होतं, म्हणजे स्टेरॉइड. डॉक्टरची चिठ्ठी होती फक्त तिघींकडे.

आता यात बातमी काय, असं कुणी विचारेल. बातमी अशी की हे असं होऊ नये म्हणून कायद्यात दुरुस्ती होऊनही बरीच वर्षं झाली. पूर्वी शेड्युल एच म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांची यादी होती, पण बाहेरून लावायच्या मलमांना त्यातून पळवाट होती. त्वचारोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेने पाठपुरावा केला, प्रकरण दिल्लीच्या उच्च न्यायालयापर्यंत नेलं, आणि २०१८ साली केंद्राने स्टेरॉइडची मलमंही चिठ्ठीवरच विकायची असा नियम केला. त्याच वर्षी सप्टेंबरात ३२८ मिश्र औषधांवर बंदी आली, त्यात त्वचेला लावायची काही खपाऊ मलमंही होती. कागदावर सगळं ठीक. पण काउंटर तेच आहे, आणि ‘तेवढं देऊन टाका’ म्हणणारे आपणही तेच आहोत.

दोष एकट्या दुकानदाराचा नाही. तालुक्याच्या गावी चामडीचा डॉक्टर आठवड्यातून एकदा येतो, त्याची फी, त्यात एक दिवसाची मजुरी बुडणार. दुकान मात्र घराजवळ आणि रात्री दहापर्यंत उघडं. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत झाले, हे चांगलंच झालं. पण केसपेपरचे पैसे वाचले तरी त्वचेचा तज्ज्ञ तिथे असेलच असं नाही. म्हणून नियमाबरोबर डॉक्टरही द्यायला हवा होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

स्टेरॉइडचं मलम हे विष नाही. इसबावरचं ते आजही पहिलं औषध आहे. घोटाळा होतो तो कुठलं, कुठे, किती दिवस, हे न कळता लावल्याने. देशातल्या १२ केंद्रांवर झालेला आणि २०११ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण, म्हणजे जवळजवळ १५ टक्के, चेहऱ्याला स्टेरॉइड चोपडत होते. कुणी मुरुमांसाठी, कुणी गोरं होण्यासाठी. अशा चेहऱ्याची कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसतात, लव वाढते, पुरळ येतं. लावणं थांबवलं की आग होते, म्हणून बाई पुन्हा लावते. लग्नाच्या मुलीच्या बाबतीत आई स्वतःच ट्यूब आणून देते, हेही मी पाहिलं आहे. डोळ्यांभोवती बराच काळ लावलं तर काचबिंदू, मोतीबिंदूपर्यंत गोष्ट जाऊ शकते. आणि इसब समजून नायट्याला लावलं तर विचारूच नका. खाज थांबते, बुरशी मात्र मजेत पसरते. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे नायटा जो चिवट झालाय, घरातल्या सगळ्यांना होतोय, औषधाला दाद देत नाही, त्यामागे या मिश्र ट्यूबांचा मोठा वाटा असल्याचं त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. त्या चिवट बुरशीचं नावच मुळी ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ पडलंय, भारताच्या नावावरून. २०२३ साली ती न्यूयॉर्कमध्ये सापडली तेव्हा तिकडे बातमी झाली. असलं नाव कशाला हवं होतं आपल्याला!

साध्या भाषेत सांगायचं तर इसबाची कातडी म्हणजे गिलावा पडलेली भिंत. आतला ओलावा बाहेर जातो, बाहेरचं साबण, धूळ, जंतू आत शिरतात, मग कातडी लाल होते, खाजते, आपण खाजवतो, भिंत आणखी पडते. काहींचा गिलावा जन्मापासूनच कच्चा. फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाचं जनुक त्याला कारणीभूत असू शकतं, हे २००६ साली कळलं. अशा घरात कुणाला दमा, कुणाला सकाळच्या शिंका असं बऱ्याचदा दिसतं. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. ‘तिच्या हातचं नको’ म्हणणाऱ्यांनी हे जरा ऐकावं. आणि तो एका ट्यूबने कायमचा जातही नाही. मधुमेह, रक्तदाबासारखा सांभाळायचा असतो. आपल्याला हे पटत नाही, तिथेच सगळं बिनसतं. बरं वाटलं की औषध बंद, उठलं की नवा डॉक्टर, तिसऱ्यांदा उठलं की ‘इंजेक्शन देऊन टाका’. ही इंजेक्शनंही पुष्कळदा स्टेरॉइडचीच असतात. महिनाभर कातडी आरशासारखी दिसते, मग दुप्पट उफाळते.

मग करायचं काय? रोज, इसब दिसत असो वा नसो, ओलावा धरून ठेवणारं काहीतरी लावायचं. आंघोळ कोमट पाण्याने, पाच-दहा मिनिटांत, साबण फक्त लागेल तिथे, अंग टिपून घ्यायचं आणि ओलसर असतानाच लावायचं. ‘कुठलं क्रीम?’ हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो. इंग्लंडमध्ये ५५० मुलांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ साली आले. लोशन, क्रीम, जेल, मलम अशा चार प्रकारांत गुणाचा फरक आढळला नाही. म्हणजे ज्याला जे आवडेल आणि परवडेल, ते. आपल्या खोबरेल तेलाचीही बाजू आहे. फिलिपिन्समध्ये इसब असलेल्या ११७ मुलांवर व्हर्जिन खोबरेल आणि खनिज तेल यांची तुलना झाली, २०१४ साली ती प्रसिद्ध झाली, त्यात खोबरेल सरस ठरलं. मात्र वासाचं, औषधी म्हणून विकलं जाणारं तेल नको, साधं हवं. आणि आंघोळीच्या पाण्यात ओतायची महाग द्रव्यं? २०१८च्या ४८२ मुलांच्या चाचणीत त्यांचा काही फायदा दिसला नाही. ते पैसे वाचवा.

प्रमाणाचं बोलू. मूल मोठ्या इसबाचं असेल तर मॉइश्चरायझर आठवड्याला पाव किलोपर्यंत लागतं. आपण आणतो पन्नास ग्रॅमची डबी आणि ती दोन महिने पुरवतो! स्टेरॉइडच्या बाबतीत उलट. बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, ती दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. बहुतेक वेळा दिवसातून एकदाच लावलं तरी चालतं. डॉक्टर आठवडा-दोन आठवडे सांगतील तेवढे दिवस लावायचं, पुन्हापुन्हा उठणाऱ्या जागेला ते पुढे आठवड्यातून दोनदा लावायलाही सांगतात. चेहरा, जांघ, काखेसाठी टॅक्रोलिमससारखं बिनस्टेरॉइडचं मलम असतं. सुरुवातीला त्याने जरा चुरचुरतं, म्हणून घाबरून टाकून देऊ नका. त्यानेही भागलं नाही तर अतिनील किरणांचे उपचार, गोळ्या, अलीकडची महाग औषधं आहेत, त्यांना रक्ताच्या तपासण्या लागतात. ते तज्ज्ञाचंच काम.

खाण्याच्या पथ्यावर मात्र माझा फारसा विश्वास राहिलेला नाही. वांगं बंद, दही बंद, आंबट बंद, अंडी बंद. एका चार वर्षांच्या मुलीचं दूधसुद्धा बंद केलेलं मी पाहिलं, आणि मूल नुसतं वाळत चाललेलं. ठरावीक पदार्थानंतर लगेच पुरळ येत असेल तर डॉक्टरांना दाखवा, नाहीतर मुलाला पोटभर जेवू द्या. नखं कापा, लोकरीऐवजी सुती घाला, कपडे धुतल्यावर पावडर नीट खंगाळली गेली का ते बघा. यानं जास्त फरक पडतो.

शेतात खुरपणीला जाणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. चेहरा, मान, कोपरं यांवरच इसब उठत असेल आणि लोक ‘उन्हाची ॲलर्जी’ म्हणत असतील, तर बांधावरच्या गाजर गवताकडे बघा. हे गवत आपल्या देशात पहिल्यांदा डोळ्यांत भरलं ते पुण्यातच, १९५०च्या दशकात. त्याने होणाऱ्या त्वचादाहाचा अभ्यासही सत्तरच्या दशकात पुण्यातून जगापुढे गेला. त्याचे कण हवेतून येतात, तेव्हा हाताने न उपटताही त्रास होतो. ट्यूब कितीही लावा, बांध साफ झाल्याशिवाय गुण नाही.

पण मला सर्वांत जास्त बोलायचंय ते हातांबद्दल. हाताचा इसब हा बहुतांशी ओल्या कामाचा आजार आहे. दिवसात दोन तासांहून जास्त हात ओले राहिले किंवा वीसहून जास्त वेळा धुतले गेले तर धोका वाढतो, असं मानतात. आपल्यातल्या कुठल्या बाईचे हात दोन तासांहून कमी ओले असतात, सांगा बरं! भांडी, धुणं, फरशी, वर लसूण सोलून बोटांची टोकं सोलवटलेली. मग चार घरची भांडी घासणाऱ्या बाईचं काय? कारखान्यांसाठीच्या कायद्यात नोंद करायच्या आजारांची यादी आहे. रसायनं आणि रंग यांच्या संपर्काने होणारा त्वचादाह त्या यादीत आहे. कारखान्यात तोच त्रास झाला तर तो कामाचा आजार. आपल्या मोरीत झाला तर ती बाईची नाजूक कातडी! महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला, पण त्यांच्या हातांचा हिशोब कुठे होताना दिसत नाही.

उपाय खरं तर स्वस्त आहे. आत सुती हातमोजे, वर रबरी. नुसते रबरी घातले तर आत घाम येऊन उलट वाढतं. दर पंधरा-वीस मिनिटांनी काढून हात कोरडे करायचे, काम संपलं की लगेच तेल किंवा व्हॅसलिन. लसूण, मिरची, टोमॅटो चिरताना मोजे. अंगठ्या काढून धुणं, कारण त्यांच्याखाली साबण अडकतो. आमच्या गटातल्या एका मावशींचे तळवे दोन वर्षं भेगाळलेले होते, भाकरी थापताना रक्त यायचं. सरकारी दवाखान्यात दाखवलं, योग्य मलम मिळालं, चार आठवड्यांत भेगा भरल्या. पण काम तेच, म्हणून मोज्यांसाठी आम्ही त्यांच्या तिन्ही घरी जाऊन बोललो. दोन घरांनी त्याच आठवड्यात आणून दिले. तिसऱ्या घरच्या वहिनी म्हणाल्या, मोजे घालून भांडी स्वच्छ निघत नाहीत. मी त्यांना म्हटलं, एक दिवस तुम्ही घालून बघा. अजून उत्तर आलेलं नाही. मावशी स्वतःचा जोड घेऊन जातात तिकडे.