जबड्याची सूज अंगावर काढू नका

जुलै २०१४ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात बुलढाणा जिल्ह्यातील एका सतरा वर्षांच्या मुलाच्या खालच्या जबड्यातून २३२ दात काढले गेले. वर्तमानपत्रांनी ती बातमी नवल म्हणून छापली. आम्हाला मात्र तिच्यात आपल्याच घराघरांतली गोष्ट दिसते. खेड्यातल्या त्या मुलाचा उजवा जबडा दीड वर्ष सुजलेला होता. गावाकडच्या डॉक्टरांना निदान झाले नाही. कॅन्सर तर नसेल ना, या धास्तीने वडील त्याला मुंबईस घेऊन आले.

तो कॅन्सर नव्हता. त्या गाठीला ओडोंटोमा म्हणतात. ज्या पेशींपासून दात घडतो, त्यांचीच हाडात गाठ होते आणि तिच्यात दातांसारखे लहान-मोठे तुकडे तयार होतात. ही गाठ शरीरात पसरत नाही. नीट काढली की पुन्हा होण्याचा संभव फार थोडा. दंतविभागाच्या प्रमुख डॉ. सुनंदा धिवरे व त्यांचे सहकारी जवळजवळ सात तास खपले. गाठ इतकी टणक, की छिन्नी-हातोडी वापरावी लागली. मुलाचे २८ दात शाबूत राहिले. पुढे २०१९ साली चेन्नईत सात वर्षांच्या मुलाच्या जबड्यातून ५२६ दात निघाले. त्याची सूज तो तीन वर्षांचा असतानाच दिसली होती.

एवढे दात निघणे विरळाच. पण हाडात अडकलेला एखादा जादा दात किंवा आडवी अक्कलदाढ ही नित्याची बाब आहे. म्हणून माताभगिनींनी काही खुणा ध्यानात ठेवाव्यात. सहाव्या वर्षाच्या सुमारास पहिली कायमची दाढ येते, बाराव्याच्या सुमारास दुसरी. जोडीचा दात येऊन बरेच महिने झाले तरी दुसऱ्या बाजूचा आला नाही, दुधाचा दात वय उलटूनही पडला नाही, किंवा जबडा एका बाजूस फुगला, तर दुखत नसले तरी एक्स-रे काढून घ्यावा. हाडातली गाठ बाहेरून दिसत नाही, एक्स-रेत दिसते.

आमच्या कुळगावच्या वस्त्यांत दाढ दुखली की मिश्री लावतात, गाल सुजला की अंगारा लावतात. मिश्रीने घटकाभर बरे वाटते, पण ती तंबाखूच आहे; रोग आत वाढतो आणि व्यसन वर जडते. खाडा झाला तर रोज बुडतो, हे आम्ही जाणतो. पण आज एक खाडा चुकवला, तर उद्या आठवडाभराची मजुरी जाते.

बदलापूरहून मुंबईची लोकल धरावी. भायखळ्यास उतरले की जे. जे. जवळ आहे, आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळ सेंट जॉर्जेसच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढावा. रेशनकार्ड, आधारकार्ड व जुने कागद सोबत न्यावेत. शस्त्रक्रिया सांगितली, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ती बसते काय, हे तिथेच विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही. सरकारी दवाखाना हा आपला हक्क आहे.

तथागतांनी शिकविले, की दुःख आहे, त्याला कारण आहे आणि कारण दूर केले की दुःख दूर होते. मुलाचा गाल सुजला तर कारण शोधा. ते नवसात नाही, जबड्याच्या हाडात आहे.

जयभीम!