लसणातला भाला

इंग्रजीतलं ‘गार्लिक’ म्हणजे जुन्या इंग्रजीतले ‘गार’, भाला, आणि ‘लेआक’, कांदा-लसणाच्या कुळातली पातीची भाजी. जर्मनांनी त्याच लसणाच्या पाकळ्यांकडे पाहिलं आणि त्याला ‘क्लोबलाउख’, चिरलेला लाउख (‘लेआक’चाच जर्मन भाऊ), म्हटलं. उच्चार बदलत आज त्याचं ‘क्नोब्लाउख’ झालं आहे. मला खरं अप्रूप आहे ते ‘लेआक’चं. त्याला कुंपणाच्या जागेचा ‘तून’ जोडला की होते ‘लेआकतून’, परसबाग. इंग्लंडमधल्या लेटन बझर्ड या गावाच्या नावात ती अजून टिकून आहे. स्कँडिनेव्हियात ५व्या-६व्या शतकांतल्या सोन्याच्या पदकांवरही रुन लिपीत हाच शब्द, ‘लाउकाझ’, उठवलेला सापडतो, बहुधा धारण करणाऱ्याच्या रक्षणासाठी. भाजीच्या नावाला असा मान क्वचितच मिळाला असेल.