इथेनॉलची सक्ती, पर्यायाचे काय?

दुचाकीत शंभर रुपयांचे पेट्रोल भरणाऱ्याला त्यात इथेनॉल किती हवे, हे पंपावर कोणी विचारत नाही. २०१३-१४मध्ये हे प्रमाण जेमतेम दीड टक्का होते. २०२२मध्ये ते दहा टक्क्यांवर गेले आणि २०२५मध्ये वीस टक्क्यांवर. २०३०चे उद्दिष्ट पाच वर्षे अलीकडे ओढले गेले आणि गाठलेही गेले. ही कामगिरी लहान नाही. मात्र वेग वाढला, तसा ग्राहकाचा पर्याय संपला.

सक्तीमागची कारणे खोटी नाहीत. देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल परदेशातून येते. इथेनॉलमुळे परकीय चलन वाचते, साखर कारखान्यांच्या हाती रोख पैसा येतो आणि उसाचे बिल वेळेवर मिळण्याची शक्यता वाढते. कोल्हापूर-सांगलीच्या शेतकऱ्याला याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

पण रसायनशास्त्र सरकारी आदेशाने बदलत नाही. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे वीस टक्के मिश्रणात ती सहा-सात टक्क्यांनी घटते. त्यासाठी जुळवलेल्या नव्या इंजिनात ही तूट बरीचशी भरून निघते. जुन्या गाडीत मात्र मायलेज घटते. इथेनॉल पाणी शोषून घेते आणि जुन्या बनावटीचे रबरी भाग त्याने लवकर खराब होऊ शकतात. निती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यात याची दखल होती. जुन्या वाहनांसाठी दहा टक्के मिश्रणाचे पेट्रोल उपलब्ध ठेवावे आणि घटलेल्या ऊर्जेची भरपाई किमतीत व्हावी, असे त्यात सुचवले होते. उद्दिष्ट उचलले गेले, या सूचना मागे राहिल्या.

आरोग्याचा हिशेबही सरळ नाही. इथेनॉलमिश्रित पेट्रोल अधिक पूर्ण जळते, त्यामुळे कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले हायड्रोकार्बन कमी होतात. चौकातल्या वाहतूक पोलिसासाठी हा खरा दिलासा आहे. मात्र अ‍ॅसिटाल्डिहाइडसारखी त्रासदायक द्रव्ये वाढतात आणि नायट्रोजन ऑक्साइडमध्ये ठोस घट दिसत नाही. ‘हरित इंधन’ हे नाव म्हणजे स्वच्छ हवेचे प्रमाणपत्र नव्हे.

सर्वांत मोठा प्रश्न पाण्याचा. उसापासून एक लिटर इथेनॉल मिळवायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागते, असे तोच आराखडा सांगतो. ज्या मराठवाड्यात ऊस आणि कारखाने वाढले, त्याच मराठवाड्यातील लातूरला २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. मक्याकडे वळल्याने पाण्याचा भार हलका होतो, पण मग कोंबडीखाद्य महागते. मका निर्यात करणारा भारत २०२४मध्ये आयातीकडे वळला. तेलाची आयात कमी करताना धान्याची वाढली, तर स्वावलंबन कोणते?

शिवाय हे धोरण पावसावर हिंदकळते. पाऊस कमी झाल्याने डिसेंबर २०२३मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल बनवण्यावर निर्बंध आले आणि कर्ज काढून आसवन्या उभारणारे कारखाने अडचणीत सापडले.

ब्राझीलचा दाखला नेहमी दिला जातो. तिथेही मिश्रणाची सक्ती आहेच. पण १९७५पासूनच्या वाटचालीत त्या देशाने २००३पासून कोणत्याही प्रमाणात चालणाऱ्या गाड्या बाजारात आणल्या. पंपावर मिश्रित पेट्रोल आणि निव्वळ इथेनॉल दोन्ही मिळते. ग्राहक दर पाहून ठरवतो. भारताने त्यातली टक्केवारी उचलली, निवड मात्र उचलली नाही.

म्हणून सरकारने सक्ती करावी का, याचे उत्तर ‘हो, पण आधी स्वतःवर’ असे आहे. जुन्या गाड्यांसाठी कमी मिश्रणाचे पेट्रोल ठेवण्याची सक्ती तेल कंपन्यांवर हवी. दरात ऊर्जेचा हिशेब हवा. टंचाईग्रस्त तालुक्यांत नव्या आसवनीला परवानगी देताना पाण्याचा ताळेबंद हवा. पानिपतला २०२२पासून भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल बनवण्याचा प्रकल्प उभा आहे. शेतातच जाळल्या जाणाऱ्या अशा काडीकचऱ्याला प्राधान्य मिळायला हवे. तोवर वीसच्या पुढचा आकडा जाहीर करण्याची घाई नको. इंधन शेतात पिकवता येते, पाणी पिकवता येत नाही.