हवामहलचा पत्ता

बोरिवली पश्चिमेला गोराईच्या शेअर रिक्षात बसलं की वाटेत विविध भारती या रेडिओवाहिनीचं कार्यालय लागतं. तिथल्या नाटुकल्यांच्या कार्यक्रमाबद्दल शेजारच्या कॉलेजकुमाराला मी एकदा कौतुकानं म्हटलं, "हवामहल इथून येतं बरं का." त्यानं एका कानातलं बोंडूक काढलं आणि विचारलं, "नवीन हॉटेल आहे का, काका?"

यंदा आमची इमारत पुनर्विकासाला गेली. माळा रिकामा करताना आईचा ट्रान्झिस्टर सापडला. सेलच्या खणात गंज धरला होता, पण नवे सेल घालताच तो खरखरला. भाड्याच्या घरात भांडी अजून खोक्यांत होती, तेव्हा तो ओट्यावर स्थानापन्न झाला. रात्री मी टीव्हीवर युद्धाच्या बातम्या बघत बसायचो. कुठल्या तरी शहरावर आग पडतेय आणि चौघेजण एकमेकांवर ओरडताहेत. आई आतून म्हणायची, "ते बंद कर. माझं लागायची वेळ झाली."

जुना काळ सुखाचा होता, म्हणून त्याचे आवाज सुखाचे वाटतात, असं आपण समजतो. ते काही खरं नाही. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत मुंबईकरांनी खिडक्यांना काळे कागद चिकटवले होते. १९७२ च्या दुष्काळात रेशनवरची मिलो ज्वारी खाल्ली. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला आणि ज्यांच्यासाठी रेडिओवर 'कामगार सभा' लागायची, त्यांच्यातल्या कितीकांनी पुढे परळ-लालबागच्या खोल्या विकून उपनगरांची वाट धरली. रेशनच्या रांगा आणि काळे कागद बघितलेल्या त्याच पिढीच्या घरी आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरून 'पुन्हा प्रपंच' ही श्रुतिका लागत असे. बाळ कुडतरकरांचे पंत, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी, प्रभाकर जोशींचे टेकाडे भावजी. जगबुडीचं काही नाही, घरातल्याच कुरबुरी. ऐकणाऱ्याला एवढंच कळायचं की दुसऱ्याच्या घरीही हेच चाललंय.

आकाशवाणीची ती पहाटेची धून घ्या. शिवरंजनी रागाची छाया असलेली, अजून अर्धवट झोपेत कानात वाजणारी. तिचं श्रेय वॉल्टर कॉफमन यांना दिलं जातं. हा ज्यू संगीतकार. युरोपात हिटलरचं सावट पसरत असताना १९३४ मध्ये प्रागहून मुंबईला आला आणि पुढे इथल्या आकाशवाणीवर पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख झाला. धुनेतलं व्हायोलिन मेहली मेहतांचं, म्हणजे झुबिन मेहतांच्या वडिलांचं, असं सांगतात. कॉफमनचं परतीचं दार बंद होत होतं. इकडे आपल्या आयाबाया त्याच्या सुरावर बंब पेटवत होत्या, दुधाला भांडं लावत होत्या.

तरी रेडिओला देव्हाऱ्यात बसवू नये. १९५२ च्या सुमारास नभोवाणी मंत्री केसकरांना सिनेमाची गाणी हलकी वाटली आणि आकाशवाणीवरून ती हटली. लोकांनी काटा सरळ रेडिओ सिलोनकडे फिरवला. तिथली 'बिनाका गीतमाला' अमीन सयानी मुंबईतच ध्वनिमुद्रित करत. सरकार शहाणं झालं ते ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, विविध भारती सुरू करून. आणीबाणीतल्या बातम्यांबद्दल तर बोलायलाच नको.

मग आईला रेडिओतून नेमकं काय मिळतं? मला वाटतं, ठरलेली वेळ. तिच्या फोनवर मी जुने कार्यक्रम शोधून दिले होते. हवं तेव्हा ऐक म्हटलं, तर तिनं कधीच ऐकले नाहीत. "हवं तेव्हा म्हणजे कधी?" असं मलाच विचारलं.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. त्या रात्री आमच्याकडे वीज नव्हती, मोबाइल मुका होता आणि निम्म्या इमारतीची माणसं घरी पोचली नव्हती. तळमजल्यावरची बिऱ्हाडं वर आली. जिन्यात मेणबत्ती लावून, पायरीपायरीवर बसून आम्ही याच ट्रान्झिस्टरला कान लावले. बातम्या संपल्यावर गाणं लागलं, तेव्हा कुणीच बंद करा म्हटलं नाही. गाणं कुठलं होतं ते आठवत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू रडल्या, एवढं आठवतं. त्यांचा मुलगा दुसऱ्या दिवशी दुपारी अंधेरीहून चालत आला.

आम्हा दिवाळी अंकवाल्यांना वेळ पाळण्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या 'मनोरंजन' मासिकानं दिवाळी अंकाची रीत घातली, तेव्हापासून कागद महागला, छापखाने बदलले, तरी अंक फराळाच्या आधी दारात पडावा लागतो. यंदाचाही पडला.

एक विनंती मात्र आहे. रेडिओसमोर टेपरेकॉर्डर धरून, घरातल्यांना गप्प बसवून, कुणीतरी भरलेल्या कॅसेटी तुमच्याही माळ्यावर असतील. एखादी श्रुतिका, एखादं दिवाळी पहाटेचं कीर्तन, मध्येच शिट्टी देणारा कुकर. पुनर्विकासाचं सामान बांधताना त्या भंगारवाल्याला देऊ नका. आधी आम्हाला एक पत्र टाका.